दोन आठवड्यांत झालेला अल्बम: पिंक फ्लॉइडचा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स'

पहिले काही सेकंद आवाज वाढवावा की काय असं वाटतं. मग अगदी तळातून एक घोंघावणारा स्वर वर येऊ लागतो. रस्त्यावरच्या विजेच्या डीपीजवळ उभं राहिलं की कानात भरतो ना, तसा. तो थांबत नाही आणि जागाही सोडत नाही. त्याच्यावर एक संथ ठोका सुरू होतो, धप्प, धप्प. मग गिटार येते, घाई न करता, एकेक स्वर लांबवत. तीन मिनिटं एवढंच चालतं. गायला कोणी येत नाही.

हा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' या अल्बमचा पहिला तुकडा. अल्बम पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा, साल १९७२. पिंक फ्लॉइड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळ्या पार्श्वभूमीवरचा लोलक येतो, त्यातून फुटलेला सप्तरंगी पट्टा येतो. तो 'द डार्क साइड ऑफ द मून', मार्च १९७३ मध्ये आलेला. अमेरिकेतल्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत १९८८ पर्यंत त्याचे तब्बल सातशेहून अधिक आठवडे भरले. इतक्या मोठ्या झाडाच्या सावलीत शेजारचं रोपटं दिसत नाही, तसं या अल्बमचं झालं. मी स्वतः आधी 'डार्क साइड' पाठ होईपर्यंत ऐकला आणि कितीतरी वर्षांनी त्याच्या आदल्या पानाकडे वळलो. तेव्हा लक्षात आलं की 'डार्क साइड'मध्ये जे जे मला थक्क करत होतं, त्यातलं बरंच काही इथे आधीच वाजून गेलं आहे. हा लेख त्यासाठी.

आधी काळाचा हिशोब मांडू, कारण या अल्बमची सगळी गंमत त्या हिशोबात आहे.

१९७१ साली बँडचा 'मेडल' आला. त्यातलं 'एकोज' हे एकच गाणं सुमारे तेवीस मिनिटांचं आहे, एलपीची अख्खी एक बाजू व्यापणारं. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'अ‍ॅटम हार्ट मदर'चीही एक बाजू अशीच एका लांबलचक रचनेला दिलेली होती. म्हणजे ऐसपैस पसरणं ही या मंडळींची सवय झाली होती. जानेवारी १९७२ मध्ये ब्रायटनला त्यांनी एक नवी मोठी रचना लोकांसमोर वाजवायला सुरुवात केली. हीच पुढे 'डार्क साइड' होणार होती. १७ ते २० फेब्रुवारी असे चार दिवस लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये तिचे प्रयोग झाले. आणि २३ फेब्रुवारीला ही चौकडी फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या शातो देरूव्हिल नावाच्या जुन्या हवेलीत, भलत्याच कामाला बसली. एका चित्रपटाचं संगीत करायचं होतं. आठवडाभर काम झालं. मग ठरलेला जपानचा दौरा आला, तो उरकून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा त्याच हवेलीत चारपाच दिवस. एप्रिलच्या सुरुवातीला लंडनमध्ये मिक्सिंग. संपलं. दहा तुकडे, चाळीस मिनिटं, ध्वनिमुद्रणाला एकूण दोन आठवडेसुद्धा नाहीत. बासवर रॉजर वॉटर्स, कीबोर्डवर रिचर्ड राइट, ड्रमवर निक मेसन, गिटारवर डेव्हिड गिलमर, सगळे तेव्हा तिशीच्या आत होते.

चित्रपटाचं नाव 'ला व्हॅले', म्हणजे दरी. दिग्दर्शक बार्बे श्रोडर. एका फ्रेंच मुत्सद्द्याची बायको दुर्मीळ पक्ष्यांच्या पिसांच्या शोधात पापुआ न्यू गिनीत येते, तिथे भटक्या तरुणांच्या एका टोळीत सामील होते आणि सगळे मिळून डोंगरांतल्या एका दरीकडे निघतात. नकाशावर त्या दरीची जागा कोरी आहे, कारण वरून पाहणी करताना तिथे कायम ढग होते. नकाशावरचे 'ढगांमुळे दिसत नाही' हे शब्दच पुढे अल्बमचं नाव झाले. त्यामागे एक भांडणही होतं. काम संपता संपता बँडचं चित्रपट कंपनीशी बिनसलं, म्हणून त्यांनी अल्बमला चित्रपटाचं नाव दिलंच नाही. शेवटी चित्रपटालाच अल्बमचं नाव आपल्या नावाला जोडून घ्यावं लागलं.

आता चित्रपटाचं संगीत करणं म्हणजे नेमकं काय, हे जरा नीट पाहू. एरवी बँड अल्बम करतो तेव्हा गाणं किती लांब असावं हे गाणंच ठरवतं. मुखडा, अंतरा, गिटारचा एकल तुकडा, पुन्हा मुखडा. चित्रपटात लांबी ठरवतो तो प्रसंग. गाडी घाटातून अमुक इतके सेकंद जाते, तर संगीत तेवढंच हवं. आज हे काम संगणकाच्या पडद्यावर होतं, चित्र आणि ध्वनी एकाच पट्टीवर सेकंदाच्या बारीक भागापर्यंत जुळवता येतात. १९७२ मध्ये या चौघांकडे होतं स्टॉपवॉच. चित्रपटाचं कच्चं संकलन पाहायचं, प्रसंग सुरू झाला की बटण दाबायचं, संपला की दाबायचं, आकडा कागदावर लिहायचा. मग स्टुडिओत तेवढ्या वेळाचं काहीतरी वाजवायचं. आणि संकलन अजून कच्चंच असल्यामुळे प्रसंग पुढे चार सेकंदांनी वाढेल की दहा सेकंदांनी कमी होईल याची खात्री नाही. त्यामुळे तुकडे असे करायचे की एकाचं शेपूट विरत असताना दुसऱ्याचं तोंड वर आणता येईल.

निक मेसनने आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही पद्धत सांगितली आहे. श्रोडरच्याच १९६९ च्या 'मोर' या चित्रपटासाठी त्यांनी असंच काम केलं होतं. मेसनच्या सांगण्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग असा: गाण्याचा नेहमीचा साचा पाळायची सक्तीच नव्हती. एखादी कल्पना आवडली तर ती अख्ख्या प्रसंगभर ताणता येत होती. उलट एखादी कल्पना अगदी छोटी आणि कच्ची असली तरी तशीच चालून जात होती, तिला सजवत बसायची गरज नव्हती.

हे वरवर स्वातंत्र्य वाटतं, पण त्यात एक शिस्त दडलेली आहे. तेवीस मिनिटं पसरण्याची सवय असलेल्या वादकांना कोणीतरी सांगतंय, तुमच्याकडे तीन मिनिटं आहेत आणि उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे. मग प्रत्येक वाद्याला विचारावं लागतं, तुझं इथे काय काम? या अल्बममधला सगळ्यात लांब तुकडा सहा मिनिटांच्याही आत संपतो. माझं स्पष्ट मत आहे की 'डार्क साइड'ची घट्ट वीण, एकही मिनिट वाया न घालवणं, हे त्यांच्या अंगात या हवेलीत मुरलं. मोठी रचना त्यांच्याकडे जानेवारीपासून होती. थोडक्यात बोलण्याचा सराव मात्र इथे झाला.

आता त्या सुरुवातीच्या घोंघावणाऱ्या स्वराकडे परत येऊ. तो येतो एका यंत्रातून, ज्याचं नाव व्हीसीएस ३. लंडनच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिक स्टुडिओज या छोट्या कंपनीने १९६९ मध्ये ते बाजारात आणलं. त्या काळचे बाकीचे सिंथेसायझर कपाटाएवढे असत. हे लाकडी चौकटीतलं, टेबलावर मावणारं होतं.

सिंथेसायझर म्हणजे काय, ते हार्मोनियमवरून समजून घेता येतं. पेटीत भात्याची हवा पितळी पट्टीला थरथरवते आणि त्या थरथरीतून सूर निघतो. सिंथेसायझरमध्ये पट्टी नाही, थरथरतं ते विजेचं व्होल्टेज. ऑसिलेटर नावाचा भाग व्होल्टेज सतत वरखाली करत राहतो. स्पीकरचा पडदा त्याच्या तालावर पुढेमागे होतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो. सेकंदाला पंचावन्न वेळा वरखाली झालं तर खोल खर्ज, चारशे चाळीस वेळा झालं तर बराच वरचा सूर. व्हीसीएस ३ मध्ये असे तीन ऑसिलेटर आहेत. त्यांच्या पुढे फिल्टर, म्हणजे आवाजाची गाळणी. तिने वरची किणकिण काढून टाकली की सूर गडद होतो, उरू दिली की धारदार. आणखी एक भाग आवाज कसा उगवेल आणि कसा मावळेल हे ठरवतो.

खरी कल्पकता पुढे आहे. यातल्या एका भागातून निघालेलं व्होल्टेज दुसऱ्या भागाचं बटण फिरवू शकतं. एक ऑसिलेटर अगदी सावकाश, दोन सेकंदांतून एकदा वरखाली होतोय असं धरा. इतका सावकाश की तो स्वतः ऐकूच येणार नाही. त्याचं व्होल्टेज गाळणीला जोडलं, तर गाळणी दर दोन सेकंदांनी आपोआप उघडते आणि मिटते. आवाज श्वास घेतल्यासारखा वाटू लागतो. हात कोणाचाच लागत नाही.

हे जोडायचं कसं? बाकीच्या यंत्रांवर वायरींचं जंजाळ असे. व्हीसीएस ३ वर एक चौकोनी पाटी आहे, सोळा ओळी आणि सोळा रकाने, म्हणजे दोनशे छप्पन्न भोकं. शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखी. ओळ सांगते आवाज कुठून निघाला, रकाना सांगतो कुठे जायचं. ओळ आणि रकाना जिथे भेटतात त्या भोकात एक बारीकशी पिन खोचायची, जोडणी झाली. पिन उपसून शेजारच्या भोकात घातली की वेगळाच आवाज. उजव्या हाताला एक दांडी, ती ढकलली की आवाज एकाच वेळी दोन दिशांनी बदलतो.

आणि या यंत्राला स्वतःची सुरांची पट्टी नाही. कीबोर्ड हवा तर वेगळा विकत घेऊन जोडायचा. वर त्याचे सूर तापमानाबरोबर सरकत, लावलेला सूर तासाभराने तिथेच असेल याची हमी नसे. अशा यंत्रावर गाण्याची चाल वाजवणं फार कटकटीचं. पण त्याला एका स्वरावर सोडून द्यायचं आणि पिना, बटणं, दांडी यांनी त्या स्वराचा पोत बदलत राहायचं, हे मात्र त्याला छान जमतं. या अल्बमची सुरुवात अशी एका स्वरावर का आहे, याचं निम्मं उत्तर यंत्राच्या या स्वभावात मिळतं.

उरलेलं निम्मं आपल्या कानाला कोणी शिकवायला नको. मागे एक स्वर अखंड वाजत असला की त्याच्यासमोर लागलेला प्रत्येक स्वर मोजला जातो, तो जवळ आहे की दूर, विसावलाय की ताणलाय. तानपुऱ्यावर वाढलेल्या श्रोत्याला गिलमरची गिटार इथे चटकन पकडते ती म्हणूनच. तो मोजके स्वर घेतो आणि प्रत्येकाला त्या घुमणाऱ्या खर्जावर टेकवून पाहतो. फरक एवढा की तानपुरा मागे राहून आधार देतो. इथला खर्ज पुढ्यात येऊन उभा राहतो, जंगलाच्या तोंडाशी उभं असल्यासारखा. त्याच्या दोनेक वर्षं आधीपर्यंत रॉक बँडांना असा आवाज काढायला ऑर्गन आणि टेपची कसरत करावी लागे. 'डार्क साइड'मधला 'ऑन द रन' हा पळता, घाबरवणारा तुकडा याच कंपनीच्या पुढच्या, सूटकेसमध्ये मावणाऱ्या सिंथी एकेएस या यंत्रावर झाला. त्या तुकड्याची मुळं इथे ऐकू येतात.

पहिला तुकडा संपता संपता दुसरा, 'व्हेन यू आर इन', त्याच्यात घुसतो, जड पावलांचा आणि पुन्हा शब्दांशिवाय. ही जोडी बँडला इतकी आवडली की १९७३ च्या मैफली ते तिच्यानेच उघडत.

मग येतं 'बर्निंग ब्रिजेस'. राइट आणि गिलमर आलटून पालटून गातात. राइटचा आवाज मऊ, गिलमरचा जरा खरखरीत. हीच आवाजांची वाटणी पुढे 'डार्क साइड'मधल्या 'टाइम' या गाण्यात जगभर गाजली. 'बर्निंग ब्रिजेस' संपलं की दोन गाणी सोडून पहिल्या बाजूच्या शेवटी 'मडमेन' लावा. ओळखीचं वाटेल. सूर तेच, शब्द काढून टाकलेले, आणि गिटार मोकळी सुटलेली. चित्रपट संगीताची ही जुनी युक्ती आहे. एक धून ठरवायची आणि प्रसंग बदलला की तिचे कपडे बदलायचे, म्हणजे प्रेक्षकाला नकळत धागा जाणवत राहतो. हे नाव पापुआ न्यू गिनीतल्या, अंगाला चिखल फासून मातीचे मुखवटे घालणाऱ्या लोकांवरून आलं आहे. दोन्ही तुकडे लागोपाठ ऐकून पाहा. एकच चाल शब्दांसह किती नाजूक आणि शब्दांविना किती भव्य होते, हे दहा मिनिटांत कळतं, आणि संगीतरचना म्हणजे काय याचा एक छोटासा पाठही होऊन जातो.

मधल्या दोन गाण्यांपैकी 'द गोल्ड इट्स इन द...' हे सरळसोट रॉक आहे, मला ते फारसं धरून ठेवत नाही. त्यानंतरचं 'वॉट्स... अ द डील' मात्र या अल्बममधलं लपलेलं रत्न. साधी गिटार, राइटचा पियानो, दमलेल्या प्रवाशाचं गाणं. चौतीस वर्षांनी, २००६ च्या आपल्या दौऱ्यात, गिलमरने ते पुन्हा बाहेर काढलं आणि राइट त्याच्या शेजारी होता.

दुसरी बाजू उघडते 'चाइल्डहुड्स एंड'ने. शब्द आणि सूर दोन्ही गिलमरचे. बँडच्या अल्बमवर त्याचे शब्द यानंतर थेट १९८७ मध्येच दिसले, मधला सगळा काळ वॉटर्सच्या लेखणीचा. धुक्यातून काहीतरी जवळ यावं तसं हे गाणं हळूहळू मोठं होत येतं, मग ठोका टकटकू लागतो, आणि विषय आहे हातातून निसटणारे दिवस. 'टाइम' माहीत असलेल्याच्या अंगावर काटा येतो.

पण या अल्बममधलं सगळ्यात महत्त्वाचं गाणं कोणतं असं विचाराल तर मी 'फ्री फोर' सांगेन. नावातच खेळ आहे. वादक गाणं सुरू करताना वन, टू, थ्री, फोर मोजतात, त्यातल्या थ्रीचं लंडनच्या बोलीत फ्री होतं. चाल उड्या मारणारी, टाळ्यांवर धरावी अशी, मधेच सिंथेसायझर खालून गुरगुरतो. शब्द ऐकले की पाय थबकतात. म्हातारपण आहे, मरण आहे, अमेरिकेच्या दौऱ्यांचा कंटाळा आहे, आणि युद्धात मातीआड गेलेला बाप आहे.

वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत आन्झिओच्या लढाईत मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. वडिलांची एकही आठवण नसलेल्या मुलाने ही जखम इतक्या उघडपणे गाण्यात आणली ती इथे. पुढे १९७९ चा 'द वॉल' आणि १९८३ चा 'द फायनल कट' या दोन्ही अल्बमांच्या पोटात हेच दुःख आहे, भिंतीएवढं वाढलेलं. इथे ते चार मिनिटांच्या उड्या मारणाऱ्या गाण्यात, जवळजवळ हसत सांगितलेलं आहे. मला ते हसणं जास्त लागतं. अमेरिकेत हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे वेगळ्या छोट्या तबकडीवर, निघालं आणि तिथल्या एफएम केंद्रांवर वाजलंही. अल्बम अमेरिकेत ४६ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला, ब्रिटनमध्ये सहाव्या. २ जून १९७२ ला तो बाजारात आला आणि त्याच सुमाराला चौघं अ‍ॅबी रोड स्टुडिओत 'डार्क साइड'च्या ध्वनिमुद्रणाला बसलेही होते. स्वतःच्याच अल्बमकडे मागे वळून बघायलाही त्यांना उसंत नव्हती.

वेष्टणावरचं चित्रही लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. हिप्नोसिस या त्यांची वेष्टणं नेहमी करणाऱ्या जोडीने चित्रपटातलं एक दृश्य घेतलं, झाडावर बसलेला माणूस, आणि ते इतकं अंधुक केलं की नुसते प्रकाशाचे गोल ठिपके उरले. माणूस आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

राइटने गायलेलं 'स्टे' संपलं की शेवटचा तुकडा उरतो, 'अ‍ॅब्सोल्युटली कर्टन्स'. तिथे पुन्हा शब्द नाहीत. ऑर्गन आणि सिंथेसायझर ढगांसारखे एकावर एक चढत जातात, थोडे मोठे होतात, मग विरळ होऊ लागतात. आणि ते विरत असताना मागून माणसांचे आवाज येतात. पापुआ न्यू गिनीतल्या मापुगा जमातीचं समूहगान, तिथेच चित्रपटासाठी टिपलेलं. बँडने त्याच्यावर काही वाजवलेलं नाही, त्याला ताल जोडलेला नाही. कोणीतरी पुढे होऊन ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. दोन आठवडे स्टॉपवॉच हातात धरून केलेल्या या अल्बमचा शेवटचा मिनिटभर पिंक फ्लॉइड त्यात नाहीतच. आवाज हळूहळू लहान होत जातो, आणि तो कानाआड होतो तेव्हाही ती माणसं गातच असतात.